दारासिंग

दारासिंग (मूळ नाव: दीदारसिंग रंधावा, १९ नोव्हेंबर १९२८ – १२ जुलै २०१२) हे भारतीय व्यावसायिक कुस्तीगीर, चित्रपट अभिनेते, दिग्दर्शक व निर्माते होते. जन्माने पंजाबी असले तरी त्यांची चित्रपट कारकीर्द आणि उत्तरायुष्य मुंबईत गेले. १९६० च्या दशकातील हिंदी मारधाडपटांचे ते सर्वांत लोकप्रिय नायक होते. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ या दूरदर्शन मालिकेतील हनुमानाच्या भूमिकेमुळे पुढच्या पिढीलाही त्यांचे नाव घरोघर परिचित झाले. राज्यसभेवर नियुक्त झालेले ते पहिले क्रीडापटू होत.

== प्रारंभिक जीवन ==

त्यांचा जन्म पंजाबमधील अमृतसर जिल्ह्यातील धरमूचक या गावी एका शेतकरी शीख कुटुंबात झाला. उंची व बांधा यांमुळे लहानपणापासूनच त्यांना कुस्तीकडे वळवण्यात आले. १९४७ च्या सुमारास ते सिंगापूरला गेले. तेथे ते पिंपे बनवणाऱ्या कारखान्यात काम करत आणि हरनामसिंग यांच्या मार्गदर्शनाखाली कुस्तीचा सराव करत. मलायात तरलोकसिंग यांना हरवून त्यांनी तेथील विजेतेपद मिळवले. त्यानंतर पूर्व आशियातील दौरे करून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस ते भारतात परतले.

== कुस्ती ==

दारासिंग यांची कुस्ती महाराष्ट्राला परिचित असलेल्या लाल मातीतील कुस्तीपेक्षा वेगळी होती. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात किंवा गावोगावच्या जत्रांमधील फडांत होणाऱ्या कुस्त्या मातीत आणि परंपरागत डावपेचांवर चालत. दारासिंग दोरखंडांनी बांधलेल्या चौकोनी रिंगणात, तिकीट लावून होणाऱ्या ‘फ्री-स्टाइल’ लढती खेळत. त्या काळी मुंबईत अशा लढतींचे मुख्य केंद्र वरळीचे वल्लभभाई पटेल स्टेडियम होते. ऑलिंपिकमधील हौशी फ्री-स्टाइल कुस्ती हा निराळा खेळ आहे. केवळ नावाच्या साम्यामुळे या दोहोंत अनेकदा गल्लत होते. ऑलिंपिकच्या गादीवर १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकणारे गोळेश्वरचे (ता. कराड, जि. सातारा) खाशाबा जाधव हे दारासिंगांचे समकालीन होते. पदक मिळवूनही जाधवांना पोलीस खात्यातील नोकरीवर उपजीविका करावी लागली, तर दारासिंगांच्या लढतींना त्याच दशकात हजारोंची गर्दी लोटत होती. कुस्तीत पैसा होता, पण तो कोणत्या कुस्तीत होता हे या तुलनेतून दिसते.

१९५४ साली टायगर जोगिंदरसिंग यांना पराभूत करून त्यांनी ‘रुस्तम-ए-हिंद’ हा किताब मिळवला. १९५९ मध्ये कलकत्ता येथे कॅनडाच्या जॉर्ज गोर्डिएन्को यांना हरवून ते राष्ट्रकुल विजेते झाले. हे विजेतेपद व्यावसायिक कुस्तीतील होते. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांशी त्याचा संबंध नव्हता. मूळचे हंगेरीचे एमिल झाया, अर्थात ‘किंग काँग’ यांच्याबरोबरच्या त्यांच्या लढती सर्वाधिक गाजल्या. सुमारे दोनशे किलो वजनाचा किंग काँग आणि त्याच्या तुलनेत सडसडीत भासणारे, सुमारे १३० किलोंचे दारासिंग ही जोडी प्रेक्षकांना वर्षानुवर्षे पुरली. २९ मे १९६८ रोजी मुंबईत अमेरिकेचे लू थेझ यांचा पराभव करून ते जागतिक विजेते ठरले. थेझ तेव्हा ५२ वर्षांचे होते. तरीही त्यांचा लौकिक लक्षात घेता या विजयाला वृत्तपत्रांनी मोठे महत्त्व दिले. दारासिंग हे खरे कसलेले कुस्तीगीर असल्याचे थेझ यांनीही पुढे मान्य केले.

दारासिंग सुमारे पाचशे लढतींत अपराजित राहिले, असे अनेक ठिकाणी लिहिले जाते. हे विधान जपूनच स्वीकारावे लागते. व्यावसायिक कुस्तीत निकाल व कथानक बऱ्याचदा आधीच ठरलेले असते आणि या लढतींची नोंद ठेवणारी एकच मान्यताप्राप्त संस्थाही नव्हती. मात्र तालमीतील मेहनत, पकडींचे ज्ञान आणि शरीरबळ यांबाबत त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनाही शंका नव्हती. जून १९८३ मध्ये दिल्लीतील स्पर्धेत त्यांनी कुस्तीतून निवृत्ती घेतली.

== चित्रपट ==

मुंबईत मारधाडपटांची परंपरा दारासिंगांच्या आधीपासूनच रुजलेली होती. मूकपटांच्या काळात मास्टर विठ्ठल यांनी तलवारबाजीचे नायक गाजवले होते आणि १९३० च्या दशकात वाडिया मूव्हीटोनने ‘फिअरलेस नादिया’ व जॉन कावस यांना घेऊन या प्रकाराला मोठा प्रेक्षक मिळवून दिला होता. स्वातंत्र्यानंतर प्रतिष्ठित निर्मात्यांनी अशा चित्रपटांकडे पाठ फिरवली. पडद्यावर खरा कुस्तीगीर आणून या प्रकारात पुन्हा जीव ओतला गेला, तो दारासिंगांमुळे.

१९५० च्या दशकात काही किरकोळ भूमिका केल्यानंतर बाबूभाई मिस्त्री दिग्दर्शित ‘किंग काँग’ (१९६२) या चित्रपटात ते नायक झाले. त्यांच्या कुस्तीच्या प्रसिद्धीचा शीर्षकातच उपयोग करून घेतलेला होता. त्यांच्या उच्चारांवर पंजाबीची गडद छाप असल्याने सुरुवातीच्या चित्रपटांत त्यांचे संवाद दुसऱ्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले जात. मोहम्मद हुसेन दिग्दर्शित ‘फौलाद’ (१९६३) मध्ये त्यांच्यासमोर मुमताज ही तरुण अभिनेत्री नायिका होती. कुस्तीगिराची नायिका होण्यास आघाडीच्या अभिनेत्री तयार नसत. मुमताज यांनी मात्र त्यांच्यासोबत १६ चित्रपट केले. काही वर्षांतच त्या हिंदी चित्रपटसृष्टीतील अग्रगण्य नायिका बनल्या. मारधाडपटांतील कलाकारांना अशी संधी क्वचितच मिळे; खुद्द दारासिंगांनाही ती नायक म्हणून मिळाली नाही.

‘रुस्तम-ए-बगदाद’, ‘सॅमसन’, ‘हर्क्युलस’, ‘वीर भीमसेन’, ‘बॉक्सर’, ‘लुटेरा’, ‘टारझन कम्स टू दिल्ली’ ही या काळातील त्यांच्या चित्रपटांची नावेच कथानकाची कल्पना देतात. ग्रीक, अरबी, पौराणिक आणि जंगलातील नायक एकाच देहाने साकारावयाचे आणि कुठल्या तरी प्रसंगी अंगरखा उतरवून कुस्ती करावयाची, असा हा साचा होता. ‘चाँद पर चढाई’ (१९६७) मध्ये तर ते अंतराळवीर झाले. समीक्षकांनी हे चित्रपट गांभीर्याने घेतले नाहीत. छोट्या शहरांतील चित्रपटगृहांत आणि जत्रांतील तंबूंमध्ये मात्र त्यांना हुकमी प्रेक्षक होता. याच टप्प्यावरील ‘सिकंदर-ए-आझम’ (१९६५) हा तुलनेने भव्य चित्रपट. त्यात दारासिंग सिकंदर तर पृथ्वीराज कपूर पोरसच्या भूमिकेत होते.

१९७० नंतर ते चरित्र भूमिकांकडे वळले. राज कपूर यांच्या ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) मधील सर्कशीतील शेरसिंग आणि हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’ (१९७१) मधील पैलवान या छोट्या भूमिका प्रेक्षकांच्या स्मरणात राहिल्या. ‘मर्द’ (१९८५) मध्ये ते अमिताभ बच्चन यांचे वडील होते. अलीकडील प्रेक्षकांनी त्यांना ‘कल हो ना हो’ (२००३) आणि ‘जब वी मेट’ (२००७) मध्ये पाहिले.

=== दिग्दर्शन व निर्मिती ===

‘नानक दुखिया सब संसार’ (१९७०) या पंजाबी चित्रपटाने ते दिग्दर्शक झाले. बलराज साहनी व पृथ्वीराज कपूर यांच्यासारखे अभिनेते त्यात होते. पुढे ‘मेरा देश मेरा धरम’ (१९७३), ‘सवा लाख से एक लडाऊँ’ (१९७६), ‘भक्ती में शक्ती’ (१९७८) आणि ‘रुस्तम’ (१९८२) हे चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले. पडद्यावर त्यांना इतरांनी टारझन आणि हर्क्युलस केले; स्वतःच्या हाती सूत्रे आल्यावर मात्र त्यांनी प्रामुख्याने भक्ती, शीख इतिहास आणि देशप्रेम हे विषय निवडले. पंजाबी चित्रपटांना मुंबईबाहेर चित्रीकरणाची सोय व्हावी, म्हणून मोहाली येथे त्यांनी ‘दारा स्टुडिओ’ उभारला.

== हनुमानाची भूमिका ==

चंद्रकांत दिग्दर्शित ‘बजरंगबली’ (१९७६) मध्ये त्यांनी हनुमानाची भूमिका केली होती. त्यामुळे २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर प्रसारित झालेल्या ‘रामायण’ मालिकेसाठी त्यांचीच निवड झाली. महाराष्ट्राच्या सीमेलगत गुजरातमधील उंबरगाव येथे तिचे चित्रीकरण झाले. तेव्हा दारासिंग साठीच्या उंबरठ्यावर होते. तालीम आणि बलोपासना यांचे दैवत मारुती. महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक जुन्या तालमीत त्याची मूर्ती आढळते. त्यामुळे एका पैलवानाने ही भूमिका करणे मराठी प्रेक्षकांना विशेष जवळचे वाटले असल्यास नवल नाही.

== उत्तरायुष्य ==

२००३ ते २००९ या काळात ते राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते. त्यांचे पंजाबी आत्मचरित्र १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे बंधू रंधावा हेही कुस्तीगीर व अभिनेते होते. पुत्र विंदू दारासिंग अभिनेते आहेत. ७ जुलै २०१२ रोजी हृदयविकाराचा झटका आल्याने दारासिंग यांना मुंबईतील रुग्णालयात दाखल करण्यात आले. प्रकृतीत सुधारणा होण्याची आशा मावळल्यावर त्यांना जुहू येथील घरी आणण्यात आले आणि १२ जुलैच्या सकाळी त्यांचे निधन झाले. २०१८ मध्ये अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूई या संस्थेने आपल्या ‘हॉल ऑफ फेम’च्या वारसा विभागात त्यांचा मरणोत्तर समावेश केला.