सोसायटीत एसटीपी आहे, तरी टँकर का येतो?

पुण्याजवळच्या वाघोली, बावधन भागातल्या अनेक सोसायट्यांच्या जाहिरातीत ‘ग्रीन लिव्हिंग’ असतं आणि गेटवर पाण्याचा टँकर. असं का?

केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, म्हणजेच एसटीपी, ही त्यातली नेहमीची अट. बिल्डर तो बांधतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळतं, सोसायटी रहिवाशांच्या ताब्यात येते. अडचण इथून सुरू होते. ब्लोअर आणि पंपांची वीज, ऑपरेटरचा पगार, गाळ काढणं, सगळं मेंटेनन्समधून भागवायचं. बांधणाऱ्याला हे बिल कधी भरायचंच नसतं, मग तो उभारायला स्वस्त पडेल तेच बसवतो.

शिवाय प्रक्रिया केलेलं पाणी फ्लशला वापरायचं तर वेगळी पाइपलाइन हवी. ती बांधतानाच टाकली नसेल तर नंतर प्रत्येक घरातलं बाथरूम फोडावं लागतं. सर्वसाधारण सभेत याला कोण हात वर करणार? मग थोडं पाणी बागेला, उरलेलं गटारात आणि फ्लशला टँकरचं!

फ्लॅट बघायला जाताय? फ्लशची लाइन वेगळी आहे का, एवढं विचाराच. मंजुरीची पत्रं ‘परिवेश’ पोर्टलवर बघता येतात.