तांबट आळीतले तान्हे कान

मोठेपण इथेच उतरवून ठेवा. चष्मा, चपला, दात, चालणं, सगळंच. तुम्हाला शंभरेक वर्षं मागे जायचंय, पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत, आणि तेही जन्माला यायच्या थोडं आधी.

अंधार आहे, ऊब आहे. शांतता मात्र मुळीच नाही. आईचं काळीज डोक्यावर धडधडतंय. बाहेर सकाळपासून तांब्याच्या पत्र्यावर हातोडे पडताहेत आणि त्यांची ठकठक पाण्यातून बोथट होऊन तुमच्यापर्यंत येतेय. पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत तुमचे कान कामाला लागलेत. मधेच एक आवाज बाहेरूनही येतो आणि हाडामांसातूनही. आई जावेशी बोलतेय. शब्द कळत नाहीत, कारण क आणि ट यांच्या कडा वाटेतच झिजून गेल्यात. चाल तेवढी पोचते: आवाज कुठे चढला, कुठे उतरला, कुठे ती दमून थांबली. मराठीची पहिली शिकवणी ही अशी, नुसत्या सुरांची.

मग एकदम गारठा, उजेड आणि तुमचंच रडणं. त्या रडण्यालाही घरची चाल लागलेली असू शकते. फ्रेंच आणि जर्मन घरांतल्या नवजात बाळांचं रडणं ताडून पाहणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फ्रेंच बाळांचा सूर चढत जाणारा निघाला, जर्मन बाळांचा उतरत जाणारा, आपापल्या आयांच्या बोलीसारखा.

बाराव्या दिवशी बारसं. माजघरात इतक्या बायका जमल्यात की वारा आत येत नाही. मोगरा, घुगऱ्या, घाम, तुमच्या टाळूवरचं तेल, आणि निखाऱ्यावर टाकलेल्या ओव्या-बाळंतशेपांची धुरी. आत्या पाळण्यात वाकते. तिचा गरम श्वास कानात शिरतो, ‘कुर्रर्र!’ आणि त्याबरोबर तिच्या पाठीवर धपाधप धपाटे. या ‘कुर्र’मधला र तुमच्या जिभेवर यायला काही वर्षं लागतील. स्वरयंत्र अजून घशात उंच बसलंय, जिभेनं अख्खं तोंड भरलंय. बोलायची सोयच नाही.

कान मात्र भलतेच तीक्ष्ण आहेत. अमेरिकेत पीटर आयमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये एक महिन्याच्या आणि चार महिन्यांच्या बाळांना ब आणि प ऐकवले. बाळं चोखणी चोखत होती. तोच तो आवाज ऐकून कंटाळली की चोखणं मंदावायचं; ब जाऊन प आला की पुन्हा जोरात सुरू व्हायचं. तुम्हीही आज तसेच आहात. कधी न ऐकलेल्या भाषांमधले बारीक फरकसुद्धा तुम्हाला ऐकू येतात. मला याचं अतोनात कौतुक वाटतं.

रोज सकाळी आजी न्हाणीघरात पाय पसरून बसते आणि तुम्हाला नडग्यांवर पालथं घालते. बंब धुमसतोय, डोळ्यांत धूर. तेलाचा राकट हात पाठीवरून फिरतो, डाळीचं पीठ खरखरतं, मग कढत पाणी, की तुम्ही टाहो फोडता. ‘कुठे गेऽऽलं? कुठे गेऽऽलं माझं बाऽऽळ?’ आजीचा एरवीचा घोगरा आवाज उंच झालाय, प्रत्येक स्वर ताणलाय. बाहेर भांडी मठारली जाताहेत. गोंगाटातून बोलणं निवडून काढणं तान्ह्या जिवाला मोठ्यांपेक्षा फार अवघड जातं. म्हणूनच तिचं वीतभर अंतरावरचं तोंड मोलाचं. ओठ मिटताना दिसतात, उघडताना दिसतात. तोंडातल्या तंबाखूच्या मिश्रीचा वाससुद्धा त्या शब्दांना चिकटून येतो.

दोनतीन महिन्यांत तुम्ही हुंकार देऊ लागता. सहासात महिन्यांवर एक दिवस जबडा वरखाली होतो आणि आवाज तुकड्यातुकड्यानं बाहेर पडतो: बाबाबाबा, दादादादा. घरभर आरडाओरडा. काका छाती फुगवून सांगतो की बाळानं वडलांना हाक मारली. खरं तर तुम्ही जबड्याचा नवा खेळ खेळताय. खेळू द्या त्यांनाही.

आता ओसरीवर लोळा आणि ऐका. ‘तीकळशीभरूनठेवगंपाणीजाईल.’ मोठ्यांच्या बोलण्यात शब्दांमधे फटी नसतात, एकसलग धार असते. पण क नंतर ळ आणि मग शी, ही माळ पुन्हा पुन्हा येते. शी नंतर मात्र कधी भ येतो, कधी क, कधी आ. असे हिशेब तुम्ही करू शकता. जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना बनावट शब्दांची अखंड साखळी फक्त दोन मिनिटं ऐकवली, आणि त्यातले शब्द कुठे तुटतात हे बाळांना उमगलं होतं.

याच महिन्यांत एक मोठी घडामोड होते. तांबट या तीन अक्षरांतच त आहे आणि ट आहे. त म्हणताना जीभ दातांना लागते, ट म्हणताना मागे वळून टाळूला. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये हिंदीतली हीच जोडी इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवली. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या फार थोड्यांना. हिंदी घरांतल्या त्याच वयाच्या बाळांनी तो नीट राखला होता. तुमचाही राहील, कारण आळीत दिवसभर ताट आणि टाकी, तवा आणि टोप चालूच असतं. पण इंग्रजीतले दोन वेगळे ‘व’ या घरात कुणी बोलत नाही. त्यांच्यातली भेदरेषा बुजत जाईल. तुमचे कान चांगलेच आहेत; त्यांनी आता घरच्या आवाजांची बाजू घेतली आहे.

आणि हे सगळं माणसाच्या जवळिकीतून होतं. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ मधल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं खेळली, गोष्टी वाचून दाखवल्या. बाळांना मँडरिनचे आवाज ओळखू येऊ लागले. तीच माणसं पडद्यावर दाखवली तेव्हा काहीच पदरात पडलं नाही. आजीची मांडी, आत्याची कड, काकाचा खांदा: तुमची शाळा इथेच भरते.

दोन वर्षांचे झालात. अंगात झबलं, हातात चिंचेचं बुटूक. दारात कल्हई चाललीय, नवसागराचा पांढरा धूर नाकाला झोंबतो, भात्याची फुसफुस, तापल्या तांब्याची धग गालांवर. काका चकचकीत घंगाळ खाली ठेवतो. तुम्ही बोट दाखवून ओरडता, ‘दंदाल!’

‘काय रे, दंदाल?’ काका हसतो.

तुमचा चेहरा लाल. ‘नाई! दंदाल!’

‘बरं बरं, दंदाल.’

‘नाईऽऽ!’

‘घंगाळ?’

‘हां! दंदाल!’

तुमच्या डोक्यात घंगाळ अगदी शाबूत आहे. घ, ग, ळ, सगळे जागच्या जागी. म्हणून तर काकाचं ‘दंदाल’ तुम्हाला चूक वाटलं. जीभ तेवढी मागे पोचत नाही. ती सोपी वाट धरते, दातांशी. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० मध्ये असाच एक मुलगा नोंदवला, जो स्वतः माशाला ‘फिस’ म्हणे आणि दुसऱ्यानं ‘फिस’ म्हटलं की रागावे. बोबड्या बोलांना हसणाऱ्या प्रत्येकाला हा मुलगा दाखवावा असं मला फार वाटतं. ते मूल अर्धवट ऐकत नसतं.

क, ग सापडतात. मग र आणि ळ छळतात: कालपर्यंत लामलाया, आज एकदम रामराया, उद्या पुन्हा ला. भर दुपारी भुकेजलेले तुम्ही स्वयंपाकघरात घुसता. तव्यावरचा खरपूस वास, चुलीची झळ, दारात दोन काकूंचा वाद, बाहेर तीन हातोडे एका लयीत.

‘आजी, मला पोळी दे! गूळ पण!’

दोन्ही ळ खणखणीत. कुणाचं लक्ष नाही. आजी पोळीवर गुळाचा खडा ठेवते, म्हणते, ‘बसून खा रे,’ आणि तुम्ही तोवर दाराबाहेर.