कावळे हाकणारी मुले

धाराशिव शहरापासून थोड्या अंतरावर, बालाघाटाच्या डोंगरात लेणी आहेत. ती मूळची बौद्धांची की जैनांची, यावर अभ्यासक शंभराहून जास्त वर्षे वाद घालत आले आहेत. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याची रचना मात्र अजिंठ्याच्या विहारांच्या वळणाची आहे. मध्ये मंडप आणि भोवती लहान लहान खोल्या. मदरशातल्या विद्यार्थ्याच्या खोलीला आपण हुजरा म्हणतो. त्या खोल्या पाहताना माझ्या मनात हाच शब्द येतो, आणि वादापेक्षा तिथे राहणाऱ्यांबद्दल कुतूहल जास्त वाटते.

आपल्या भागात बौद्ध संघ नांदत होता, याची साक्ष तेर देते. संत गोरोबाकाकांच्या या गावातले त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे आणि त्याची मागची बाजू अर्धगोल आहे. ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, हे हेन्री कझेन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ओळखले. पुढे उत्खननात सातवाहन काळातला स्तूपही निघाला. संघ म्हटला की भिक्षू आले, आणि भिक्षूंच्या मागे त्यांचे श्रामणेर आले. श्रामणेर म्हणजे पूर्ण दीक्षा न झालेला शिकाऊ. मुलगी असेल तर श्रामणेरी.

या मुलांविषयीचे नियम विनयपिटकाच्या महावग्गात आहेत. मी ते नियमांचे पुस्तक म्हणून वाचायला घेतले, पण त्यात घरोघरीच्या गोष्टी निघाल्या. पहिला श्रामणेर बुद्धांचा स्वतःचा मुलगा राहुल. आईने त्याला वडिलांकडे वारसा मागायला पाठवले आणि त्याला मिळाली ती प्रव्रज्या. आजोबा शुद्धोदन कळवळले. आधी मुलगा गेला, मग दुसरा मुलगा नंद गेला, आता नातूही. हे दुःख हाडापर्यंत जाते, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हापासून आईवडिलांच्या परवानगीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. नियम एका आजोबांच्या रडण्यातून आला, हे मला फार मोठे वाटते.

दुसरी गोष्ट राजगृहातल्या उपालीची. (हा विनयधर उपाली नव्हे, दुसरा.) आईबाप मुलाच्या भवितव्याची चर्चा करत होते. लेखनिक केला तर बोटे दुखतील, हिशेब शिकवला तर छाती दुखेल, नाणी पारखायला बसवला तर डोळे बिघडतील. त्यापेक्षा भिक्षू बरे, खाऊन-पिऊन सुखी असतात! आजही कोणत्या घरात ही चर्चा होत नाही? उपालीने ते ऐकले, सवंगड्यांना सांगितले आणि सतरा मुले संघात गेली. त्यांना थेट उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा मिळाली. मग पहाटे उठून ती पेजेसाठी, जेवणासाठी रडू लागली. बुद्धांनी आवाज ऐकून चौकशी केली आणि वीस वर्षांखालच्यांना उपसंपदा देऊ नये, असे ठरवले. थंडी, भूक, डास हे सगळे त्या वयाला सोसत नाही, हे कारण.

श्रामणेर होण्यासाठी पंधरा वर्षांची अट होती. तिलाही एक अपवाद झाला. एका कुटुंबात साथीच्या रोगाने सगळे गेले आणि दोन मुले उरली. ती ओळखीच्या भिक्षूंकडे धावत आली, पण वय लहान म्हणून भिक्षूंनी त्यांना दूर सारले. आनंदाला ते बघवेना. बुद्धांनी विचारले, मुले कावळे हाकू शकतात का? हाकू शकतात, असे कळल्यावर तेवढ्या वयाच्या मुलांनाही घ्यायची मुभा मिळाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर भागात उघडी पडलेली मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा अपवाद समजावून सांगावा लागणार नाही.

आणखी एक नियम मला विशेष वाटतो. श्रामणेर चुकला तर त्याला शिक्षा करता येते, काही जागी जायला बंदी घालता येते. पण त्याचे जेवण तोडायचे नाही. दुसऱ्याच्या शिष्याला तर त्याच्या उपाध्यायाला विचारल्याशिवाय शिक्षाही करायची नाही. श्रामणेराच्या दहा शीलांत दुपारनंतर न जेवणे आहेच. आपला रोजा सूर्यास्ताला सुटतो, त्यांचा मध्यान्हाला सुरू होतो. पण तो संयम वेगळा आणि शिक्षा म्हणून उपाशी ठेवणे वेगळे.

हे वाचताना मला आपले मदरसे आठवत होते. बाहेरून कोणी मदरशांवर बोट ठेवले की आपण लगेच ढाल पुढे करतो, आणि त्या बोलण्यात पुष्कळदा द्वेष असतो हेही खरे. पण ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला पोरगा हिफ्जसाठी येतो तो कुराणाच्या ओढीने की दोन वेळच्या जेवणासाठी, हे आपण आपसात तरी विचारावे. जेवणासाठी आला असेल तर त्यात लाज नाही. उपालीच्या आईबापांनीही तोच हिशेब केला होता. मात्र रात्री तो रडला, तर ते ऐकणारे कोणी जागे असावे.

मुलींसाठी वाट जास्त लांबची. श्रामणेरीला भिक्षुणी होण्याआधी दोन वर्षे शिक्षमाणा म्हणून काढावी लागत. तरी त्या होत्या. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत पदुमनिका या प्रव्रजितेच्या दानाचा लेख आहे. तिने लेणे आणि पाण्याचे टाके दिले. तिची आई नागनिकाही प्रव्रजिता होती. दानात सामील म्हणून तिच्या दोन शिष्यांची, बोधी आणि असाळ्हमिता यांची नावे कोरली आहेत. आपल्याकडे मुलींच्या मदरशाच्या पावतीपुस्तकावर विद्यार्थिनींची नावे कधी छापलेली मी पाहिली नाहीत!

श्रामणेर नेहमी लहान मूलच असतो असेही नाही. गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली श्रीलंकेत श्रामणेर झाले तेव्हा पंचविशीत होते, घरी पत्नी आणि मुलगी होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात तर या शब्दाला नवाच अर्थ आला. डॉ. आंबेडकरांनी स्थापलेली भारतीय बौद्ध महासभा श्रामणेर शिबिरे घेते. मराठवाड्यातल्या वस्त्यांमधली शिकणारी, नोकरी करणारी माणसे काही दिवस मुंडन करून, चीवर घालून विहारात राहतात आणि शिबिर संपले की चीवर उतरवून घरी जातात. पंधरवड्यात डोक्यावर केसांची खुंटे दिसू लागतात आणि माणूस पुन्हा आपल्या कामावर असतो.