गिरणगावाचा इतिहास कोठे शोधावा?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनपासून सुमारे ४० किलोमीटरवर, मेरिमॅक नदीच्या काठी लोवेल नावाचे शहर आहे. त्या देशातील सूत-कापड उद्योगाचे हे एकेकाळचे मोठे केंद्र. आज तेथील जुन्या गिरण्यांच्या इमारतींत सदनिका आहेत, कचेऱ्या आहेत, एक संग्रहालयही आहे. बड्या गिरण्या मात्र कधीच थांबल्या. अशा थांबलेल्या गावाचा इतिहास नेमका कोठे शोधायचा, हा प्रश्न लोवेलच्या अभ्यासकांनी गेल्या पन्नास वर्षांत ज्या चिकाटीने हाताळला, ती आपल्या वाचकांपुढे ठेवण्यासारखी आहे.

प्रारंभीची हकीकत थोडक्यात सांगता येते. फ्रान्सिस कॅबट लोवेल हा बोस्टनचा व्यापारी १८१० ते १८१२ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये राहिला, तेथील यंत्रमाग नजरेत साठवून परतला आणि वॉल्थम येथे त्याने त्या धर्तीवर गिरणी काढली. १८१७ साली तो वारला. मेरिमॅक नदी जेथे ३२ फूट खाली उतरते त्या पॉटकेट धबधब्यापाशी त्याच्या भागीदारांनी शेतजमिनी आणि एक जुना कालवा विकत घेतला. १८२३ साली पहिले कापड निघाले, १८२६ साली गावाला त्याचे नाव मिळाले, आणि १८५० पर्यंत वस्ती ३३ हजारांवर गेली. आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली कामाला येत आणि कंपनीच्या वसतिगृहात राहत. ‘लोवेल ऑफरिंग’ नावाचे त्यांचे मासिकही निघे. १८४२ साली चार्ल्स डिकन्स शहर पाहून गेला आणि त्याने मुलींच्या लेखनाची वाखाणणी केली. कंपन्यांना आणखी काय हवे होते!

त्याच मुलींनी १८३४ साली वेतनकपातीविरुद्ध आणि १८३६ साली वसतिगृहाच्या वाढीव खर्चाविरुद्ध काम बंद केले होते, हे त्या मासिकावरून फारसे कळत नाही. सेरा बॅगली या कामगार स्त्रीच्या पुढाकाराने १८४५ साली दहा तासांच्या दिवसासाठी विधिमंडळाकडे अर्ज गेले. त्या काळी कामाचा आठवडा सुमारे ७३ तासांचा होता. हे अर्ज आणि ते मासिक शेजारीशेजारी ठेवले, म्हणजे एकाच गावाची दोन निरनिराळी चित्रे समोर येतात. यांतले खरे कोणते, हे ठरवण्यासाठी तिसरा कागद लागतो.

तो तिसरा कागद म्हणजे वेतनपुस्तक. टॉमस डब्लिन या इतिहासकाराने हॅमिल्टन कंपनीची पगाराची पुस्तके ओळीने वाचली आणि त्यांतील नावे न्यू हॅम्पशरमधील खेड्यांच्या जन्म-विवाहाच्या नोंदींशी जुळवली. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातून दिसले की या मुली कंगाल घरांतून आलेल्या नव्हत्या. मध्यम स्थितीतल्या शेतकऱ्यांच्या त्या लेकी, आणि कमाई बहुतांशी स्वतःजवळ राखीत. असा शोध कंटाळवाणा असतो. एक नाव दोन वह्यांत सापडेपर्यंत दिवस जातो, आणि सापडले तरी ती तीच व्यक्ती असेल याची शाश्वती नसते. परंतु आकड्यांच्या त्या रुक्ष स्तंभांतूनच माणसे बाहेर आली.

कागद जेथे गप्प बसतात तेथे उकिरडा बोलतो. १९८० च्या दशकात बूट गिरणीच्या वसतिगृहांची परसदारे पुरातत्त्वज्ञांनी खणली. कंपनीच्या नियमांनुसार रहिवाशांनी मद्यापासून दूर राहायचे होते. मातीतून दारूच्या बाटल्या निघाल्या, चिनीमातीचे चिलमी पाइप निघाले, स्वस्त दागिने आणि गुंड्या निघाल्या. नियमांची पाटी वाचून त्या घरांचे वर्णन करणारा लेखक अर्थातच फसला असता.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पान आयरिश कॅथलिकांचे आहे. १८२२ साली ह्यू कमिस्की याच्यामागे तीस आयरिश मजूर चार्ल्सटाउनहून पायी चालत आले आणि त्यांनी कालव्याचे काम हाती घेतले, असे परंपरा सांगते. ज्या कालव्यांच्या पाण्यावर गिरण्या फिरल्या ते या लोकांनी खणले. कंपनीच्या नीटनेटक्या घरांत मात्र त्यांना जागा नव्हती. ‘एकर’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या भागात त्यांनी खोपटी घातली. गिरणीच्या आतही ते आरंभी नव्हते. हॅमिल्टन कंपनीत १८३६ साली परदेशात जन्मलेले कामगार शेकडा ४ हून कमी, तर १८६० साली शेकडा ६० हून अधिक. म्हणजे वेतनपुस्तकाच्या भरवशावर राहिलो, तर या लोकांची पहिली पिढी जवळजवळ दिसतच नाही.

ती दिसते चर्चमध्ये. १८३१ साली बिशप बेनेडिक्ट फेनविक यांच्या हस्ते संत पॅट्रिकच्या चर्चचे उद्घाटन झाले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाचे, आईबापांचे आणि धर्ममातापित्यांचे नाव असते. धर्ममातापिता कोण, हे पाहत गेले की कोण कोणाच्या नात्यातला, कोण कोणाच्या गावचा, याचे जाळे हळूहळू उलगडते. कबरस्तानातील जुन्या पाटीच्या दगडांवर तर आयर्लंडमधील मूळ परगण्याची नावे कोरलेली आहेत. २०१० साली लोवेलच्या विद्यापीठाने बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाच्या साहाय्याने चर्चच्या आवारातच उत्खनन केले. बोस्टनच्या महाधर्मप्रांताने २०१७ पासून आपल्या जुन्या नोंदवह्या संगणकावर आणून अभ्यासकांना खुल्या करण्यास आरंभ केला आहे. आपल्या धर्मग्रामांतील अशाच वह्यांकडे आपण लग्नाच्या किंवा बाप्तिस्म्याच्या दाखल्यापुरतेच वळतो.

कॅनडातून आलेल्या फ्रेंच भाषकांची गोष्ट याहून उदास आहे. त्यांचा ‘लिट्ल कॅनडा’ हा दाट मोहल्ला १९६० च्या दशकात नगरसुधारणेच्या नावाखाली पाडण्यात आला. मेरिमॅक कंपनीची गिरणीही त्याच सुमारास गेली. राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले ते १९७८ साली. तोवर वाचवण्याजोगे बरेच काही उरले नव्हते.

लोवेलचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १८६१ साली यादवी युद्ध पेटले तेव्हा लोवेलच्या मालकांनी ते लवकर संपेल अशा हिशेबाने कापसाचे साठे विकले, गिरण्या बंद केल्या आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. त्याच कापसाच्या दुष्काळाने मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या तिजोऱ्या भरल्या आणि १८६५ साली युद्ध थांबताच रित्याही केल्या. मुंबईची पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर परळ-लालबागच्या गिरण्या एकामागून एक निमाल्या.

तेथेही कागदाचे मोल अनपेक्षित रीतीने कळून आले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामास असलेल्यांना वा त्यांच्या वारसांना घर देण्याची योजना निघाली, २०१२ साली म्हाडाने तिची पहिली मोठी सोडत काढली, आणि गिरणीत काम केल्याचा पुरावा मागितला गेला. ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीची पावती, विमा योजनेचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, असे जे काही असेल ते. कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांतल्या पत्र्याच्या ट्रंका उघडल्या गेल्या. लोवेलच्या अभ्यासकाला ज्यासाठी ग्रंथालयात बसावे लागले, तो ऐवज येथे घरोघरी आहे. अर्जाला जोडायची छायाप्रत काढून झाल्यावर मूळ चिठ्ठी पुन्हा ट्रंकेत जाते. तीवर खाते, तिकीट नंबर, हजेरीचे दिवस आणि कापलेले पैसे लिहिलेले असतात. आणि ते वाचून दाखवू शकणारा माणूस आता सत्तरी ओलांडून गेला आहे.