द शूटिंग ऑफ डॅन मॅकगू
टेक्स एव्हरी दिग्दर्शित हा अमेरिकी विनोदी व्यंगचित्रपट ‘मेट्रो-गोल्डविन-मेयर’ने १९४५ मध्ये प्रदर्शित केला. रॉबर्ट सर्व्हिस याच्या ‘द शूटिंग ऑफ डॅन मॅकग्रू’ (१९०७) या कथाकाव्याचे ते विडंबन होय.

सर्व्हिस हा कॅनडातील युकॉन प्रदेशात बँकेत नोकरीस होता. तेथील सोन्यासाठीची झुंबड तो पोहोचण्यापूर्वीच ओसरली होती. तरीही त्या काळाचे सर्वांत लोकप्रिय काव्य त्याच्याच नावावर आहे. गोठवणाऱ्या रात्री एक अनोळखी, थकलेला माणूस मद्यालयात शिरतो, पियानो वाजवतो आणि जुने वैर उगवतो. दिवे मालवतात, गोळ्या झडतात, दोन देह पडतात. लू नावाच्या स्त्रीचे प्रेम खरे की तिची नजर त्याच्या सोन्यावर, ही शंका कवी शेवटी सोडून देतो.

एव्हरीने हे सारे गांभीर्य एका युक्तीने उधळले : निवेदक काव्याच्याच धाटणीत गंभीरपणे बोलतो आणि चित्र त्याचा प्रत्येक शब्द अक्षरशः खरा करते. आगंतुकाचा एक पाय थडग्यात असल्याची उपमा येताच पाय खरोखरच थडग्यात अडकलेला लांडगा पडद्यावर येतो. ‘गोवऱ्या मसणात गेल्या’ म्हणताच शेणाच्या गोवऱ्याच चालत निघाल्या, तर जे होईल तेच! डॅनच्या जागी मंद, रडवेल्या चेहऱ्याचा ड्रूपी हा कुत्रा आहे. लूचे नृत्य पाहताना लांडग्याचे डोळे खोबणीबाहेर येतात. प्रेक्षकाला हसू येते ते बहुतांशी याच लांडग्यामुळे. नायक ड्रूपी जवळजवळ काहीच करीत नाही. मात्र मूळ काव्यातील संशयास्पद, गूढ लू येथे निव्वळ देखणी नर्तकी उरते. विडंबनाने गमावलेली ही एकच गोष्ट, पण ती लहान नाही.

याच काव्यावर एव्हरीने वॉर्नर ब्रदर्ससाठी १९३९ मध्ये ‘डेंजरस डॅन मॅकफू’ केला होता. त्यात वेग कमी आहे.

आज हा व्यंगचित्रपट पाहणाऱ्या बहुतेकांनी काव्य वाचलेले नसते. त्यांना लांडगा हसवतो, पण निवेदकाचा गंभीर सूर कोणाची नक्कल आहे हे उमगत नाही. १९४५ च्या अमेरिकी प्रेक्षकांपैकी अनेकांना हे काव्य तोंडपाठ होते. खुद्द सर्व्हिसने दुसऱ्या महायुद्धाची वर्षे हॉलिवूडमध्ये काढली; १९४२ च्या ‘द स्पॉइलर्स’ या चित्रपटात तो कवी म्हणूनच क्षणभर दिसतो.