धागा कुजतो, मग गाडी का कुजत नाही?

आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे : वनस्पतीच्या धाग्यांनी बळकट केलेलं जैवप्लास्टिक. पण कल्पना आपल्या घरातलीच आहे. मातीची भिंत घालताना चिखलात पेंढा का तुडवतात? नुसती माती वाळली की तडकते, काडी तिला धरून ठेवते. आणि माती त्या काडीला पाण्यापासून सांभाळते. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे सापडले आहेत, हजाराहून अधिक वर्षांनी. एरवी धागा एका पावसाळ्यात कुजला असता. इथे का टिकला? हा प्रश्न लक्षात ठेवा.

विसाव्या शतकात मातीची जागा राळेनं घेतली. १९०७ साली लिओ बेकलंड यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकेलाइट केलं. ते कडक होतं, पण ठिसूळ. म्हणून त्यात लाकडाचा भुसा मिसळत. जुन्या टेलिफोनचा तो काळा, जड रिसीव्हर आठवतो ना? त्यात लाकूड होतं!

मग येतात हेन्री फोर्ड. शेतकऱ्याचा मुलगा. शेतात पिकतं ते कारखान्यात खपलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. १३ ऑगस्ट १९४१ रोजी मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला त्यांनी 'सोयाबीनची गाडी' लोकांसमोर आणली. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर प्लास्टिकचे १४ पत्रे. वजन सुमारे ९०० किलो, म्हणजे पोलादी गाडीपेक्षा साडेचारशे किलोंनी कमी. नेमकी कृती आज उपलब्ध नाही. पण ती घडवणाऱ्या लोवेल ओव्हर्ली यांनी पुढे सांगितलं, की सोयाबीनचे तंतू फिनॉलच्या राळेत बसवले होते. म्हणजे धागा शेतातला, राळ रसायनशाळेतली. युद्ध आलं आणि ही गाडी तिथेच थांबली.

जे अमेरिकेत एका नमुन्यावर थांबलं, ते पूर्व जर्मनीत लाखोंनी झालं. कारण ध्यास नव्हे, टंचाई. पोलादी पत्रा मिळेना. म्हणून त्स्विकाउच्या कारखान्यात सोव्हिएत रशियातून आलेला टाकाऊ कापूस फिनॉलच्या राळेसोबत गरम साच्यात दाबून गाडीची बाह्यांगं बनवू लागले. या पदार्थाचं नाव ड्युरोप्लास्ट आणि गाडीचं ट्राबांट. १९५७ ते १९९१ या काळात सुमारे ३० लाख गाड्या बाहेर पडल्या. हे अंग गंजत नसे. लोक गाडीची चेष्टा करत, पण गाडी टिकायची.

आणि तेच टिकणं शेवटी अंगाशी आलं. बर्लिनची भिंत पडली, लोकांनी ट्राबांट सोडून दिल्या. आता या कापसाच्या गाड्यांचं करायचं काय? पोलादासारखं वितळवता येईना. जाळावं तर विषारी धूर. पुरावं तर कुजत नाही.

आता सुरुवातीचा प्रश्न घेऊ. धागा म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. तो कुजायला दोन गोष्टी लागतात : पाणी आणि सूक्ष्मजीव. फिनॉलची राळ एकदा पक्की झाली की तिचे रेणू जाळ्यासारखे एकमेकांत बांधले जातात. ती धाग्याला बळ देते आणि त्याच वेळी दोघांनाही दार बंद करते. म्हणून लक्षात घ्या, वस्तूचं भवितव्य धागा ठरवत नाही, राळ ठरवते.

कुजणारी राळ नव्हतीच का? होती की! १९२६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मोरिस लेमवान्य यांना एका जिवाणूच्या पेशीत पीएचबी नावाचं प्लास्टिक सापडलं. आपण चरबी साठवतो तसं जिवाणू ते अन्न म्हणून साठवतो. जे जिवाणूचं अन्न, ते जिवाणू खाणारच. पण ते महाग आणि ठिसूळ, त्यामुळे दशकानुदशकं मागे पडलं.

आज ताग, जवस, अंबाडी, काथ्या यांचे धागे पीएलए नावाच्या, मक्यापासून होणाऱ्या प्लास्टिकमध्ये घालतात. तिथे जुनीच ओढाताण आहे. धाग्याला पाणी प्रिय, राळेला नकोसं. त्यामुळे दोघांची पकड ढिली राहते. पकड घट्ट करायला धागा कॉस्टिक सोड्यात धुतात. ताकद वाढते, पाणी आत शिरणं कमी होतं, आणि कुजणंही लांबतं. उलट, प्रक्रिया न केलेला धागा वातीसारखा पाणी आत ओढतो. वस्तू लवकर कुजते, पण वापरात असतानाच फुगते, कमकुवत होते.

म्हणून 'जैवविघटनशील' हा शिक्का दिसला की दोन प्रश्न विचारा : कुठे? आणि किती दिवसांत? युरोपचं ईएन १३४३२ हे मानक सहा महिन्यांत ९० टक्के विघटन मागतं, पण ते औद्योगिक कंपोस्टसाठी. पीएलए तिथल्या ५८ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत नीट विरतं. घरामागच्या खड्ड्यात किंवा नाल्यात ती उष्णता नसते.

फोर्डनी गाडी किती हलकी ते सांगितलं, त्स्विकाउनं ती किती टिकते ते दाखवलं. तिचं शेवटी काय होणार, हे दोघांनीही आधी विचारलं नव्हतं. आपण मात्र वस्तू बनवण्याआधी विचारू शकतो. इथे थांबतो.