ढवळण्याचा रविवार आणि गव्हाविना पुडिंग



येत्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण. पुढच्या रविवारपासून आगमनकाळ. मग शहापुरातल्या आपल्या घरांतून नेवऱ्या, कुलकुल, दोदोल आणि केक यांचा वास सुटेल. आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात मात्र या रविवारीच नाताळचे पुडिंग ढवळतो, आणि गेल्या वर्षापासून ते गव्हाविना करतो. असे का, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

१८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे कॅम्प वसला. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात. इथे हातमाग चालत, शहापुरी साड्या विणल्या जात. तिकडे कॅम्पात सेंट मेरी चर्च उभे राहिले, गोऱ्या पलटणींचा नाताळ साजरा होऊ लागला. त्या नाताळाचे पक्वान्न म्हणजे प्लम पुडिंग. नावात 'प्लम' असले तरी त्या काळच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ मनुका असाही होई.

हे पुडिंग आधी पुडिंग नव्हतेच. मध्ययुगात इंग्लंडमध्ये मांस, सुका मेवा आणि मसाले एकत्र शिजवून पातळसर पदार्थ करत आणि तो दाट करायला पावाचा चुरा घालत. सतराव्या शतकात कापडात बांधून उकडण्याची रीत रुळली, तसा त्याचा गोळा झाला. हळूहळू मांस गेले, चरबी तेवढी राहिली. १८४५ मध्ये इलायझा अ‍ॅक्टन यांच्या पाकपुस्तकात ते 'ख्रिसमस पुडिंग' या नावाने छापले गेले. १९२७ मध्ये तर राजा पाचवा जॉर्ज याच्या आचाऱ्याची कृती साम्राज्याच्या जाहिरातीसाठी वाटली गेली. मेवा ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिकेचा, लवंग झांजिबारची, दालचिनी सिलोनची आणि पुडिंगचा मसाला हिंदुस्थानचा! म्हणजे ज्याला आपण जुनी, अढळ परंपरा समजतो, ती दर पिढीत बदलत आली आहे.

या पुडिंगला प्रार्थनेचीही जोड आहे. आगमनकाळाआधीच्या शेवटच्या रविवारी जुन्या लॅटिन मिस्सामध्ये एक प्रार्थना होती: हे प्रभो, तुझ्या भक्तांची मने ढवळून जागी कर, म्हणजे त्यांच्या हातून सत्कर्माचे फळ येईल, अशा आशयाची. १५४९ मध्ये ती अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात इंग्रजीत आली. ती ऐकून घरी परतलेल्या बायका म्हणू लागल्या, चला, पुडिंग ढवळायची वेळ झाली! घरातला प्रत्येक जण एकदा पळी फिरवी. येशू आणि बारा प्रेषित मिळून तेरा, म्हणून जिन्नसही तेरा घालावेत असा प्रघात पडला.

आता आमची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी आली. तिला सिलिअ‍ॅक आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. या आजारात ते पोटात गेले की लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि अन्न अंगी लागत नाही. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाशी असलेला हा संबंध १९५० च्या प्रबंधात मांडला. यावर पथ्य हाच इलाज, आणि तो जन्मभराचा.

त्या नाताळात आम्ही हौसेने तिच्यासाठी तांदळाच्या पिठाचे पुडिंग केले. पीठ गिरणीतून दळून आणले. त्याच जात्यावर आधी गहू दळला होता, हे आमच्या ध्यानातच आले नाही. पोर चार दिवस आजारी पडली. तिची आई रागावली नाही. "तुम्ही आठवण ठेवलीत, तेच खूप," एवढेच म्हणाली. पण आम्हाला फार लागले. माया असून भागत नाही, माहितीही हवी.

गेल्या वर्षी नीट शिकून घेतले. पुडिंग फुगायचे नसते. मेवा आणि अंडी त्याला धरून ठेवतात. म्हणून गहू नसला तरी अडत नाही. आमचे प्रमाण असे: ३०० ग्रॅम मनुका, बेदाणे व खजूर, १०० ग्रॅम काजूची भरड, ७५ ग्रॅम तांदूळपीठ, १०० ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम काळा गूळ, दोन अंडी, एक सफरचंद व एक गाजर किसून, एका संत्र्याचा रस, आणि दालचिनी, जायफळ, लवंग. तांदूळ आपल्याच शिवारातला बासमती. धुऊन, वाळवून घरच्या स्वच्छ मिक्सरमध्ये दळलेला. भांडे घट्ट झाकून मोदकासारखे तीन तास वाफवायचे. जुन्या कृतींत काळी बिअर असते. ती जवाची, म्हणून वर्ज्य. तयार मसाल्याचे पाकीट वाचूनच घ्यावे. बाजारच्या बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते!

पुडिंगमधला गहू गेला, पण वेदीवरच्या भाकरीचे काय? त्या मुलीची पहिली कम्युनियन जवळ आली होती. वेदीवरची भाकर गव्हाचीच असावी, हा ख्रिस्तसभेचा नियम आहे. २००३ च्या रोमच्या पत्राप्रमाणे अत्यल्प ग्लूटेनची ऑस्ती चालते, अजिबात ग्लूटेन नसलेली चालत नाही. तीही सोसत नसेल, तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्त स्वीकारता येतो. त्यासाठी वेगळा चषक ठेवतात, म्हणजे त्यात भाकरीचा कण पडत नाही. हे कमी प्रतीचे कम्युनियन मुळीच नव्हे. दोहोंपैकी कोणत्याही एका रूपात संपूर्ण ख्रिस्त असतो, हे ट्रेंटच्या धर्मसभेने १५६२ मध्येच स्पष्ट केले आहे. फादरांनी तसा चषक ठेवला, आणि ती इतर मुलांबरोबर त्याच रांगेत उभी राहिली.

पुडिंग माणसांची परंपरा आहे, म्हणून ते माणसासाठी बदलावे. संस्कार प्रभूचा आहे, तो आपण बदलत नाही. पण त्यातही प्रभूने कुणालाच बाहेर ठेवलेले नाही. वाट आधीपासून आहे, आपण ती माहीत करून घ्यायची.

याइराच्या बारा वर्षांच्या मुलीला प्रभूने उठवले. सगळे थक्क होऊन पाहत असताना त्याने सांगितले काय, तर तिला काहीतरी खायला द्यायला. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतरही पोरीच्या पोटाची आठवण त्यालाच राहिली.

या रविवारी मिस्सानंतर वर्गात या. पहिली पळी तीच फिरवणार आहे. आणि तुमच्या ओळखीत कुणाला असे पथ्य असेल, तर आधी आम्हाला सांगा. फादरांशी बोलून सोय करू. प्रभू आपली सर्वांची मने ढवळून जागी करो. आमेन.